स्नायूक्षय झालेल्या मुलाच्या घरी जाताना: बेळगाव-खानापूर-निपाणीच्या गावांत भेटी देणाऱ्यांसाठी

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, डॉक्टरांच्या बोलण्यात डीएमडी, हा स्नायूक्षयाचा आजार साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. म्हणजे गावात असलं तर एखादंच घर. जांबोटी-कणकुंबीच्या रानात एखादं, उचगाव-बेळगुंदीकडे एखादं, निपाणी-सदलग्याच्या तंबाखूच्या पट्ट्यात एखादं. त्या घरातल्या आईला आपल्यासारखी दुसरी आई बहुधा कधी भेटलेलीच नसते. म्हणून तिथं कुणीतरी जाऊन बसणं मोलाचं आहे. हा लेख अशा जाणाऱ्यांसाठी आहे: फिजिओथेरपी शिकणारी मुलं, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, आशाताई, नात्यातली माणसं.

माझं म्हणणं आधीच सांगते. धीर द्यायला म्हणून जाऊ नका. ‘देव बघतोय’, ‘सगळं नीट होईल’ हे त्या घरानं पोटभर ऐकलेलं असतं. तुम्ही गेल्यामुळे त्या रात्री आईची झोप थोडी वाढली, मुलाला शौचाला बसणं सोपं झालं किंवा अडकलेला एक कागद हलला, तर भेट सार्थकी लागली.

निघण्याआधी आजार समजून घ्या

स्नायूंच्या पेशींचं आवरण टिकवून धरणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन या मुलांच्या अंगात तयार होत नाही. स्नायू वापरला की तो झिजतो, आणि झिजलेल्या जागी हळूहळू चरबी व तंतू भरतात. म्हणून पोटऱ्या जाड दिसतात, आणि पाहुणे म्हणतात, ‘पाय तर कसे दणकट आहेत, आळशी आहे पोरगं.’ दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान मूल वारंवार पडायला लागतं, चवड्यांवर चालतं, जमिनीवरून उठताना गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं. चालणं बहुधा दहा ते तेराच्या दरम्यान थांबतं. स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर ते काही वर्षं पुढं ढकलता येतं. पुढं हात, पाठीचा कणा, श्वास आणि हृदय. आजार बरा करणारं औषध आज नाही. पण नीट काळजी, हृदयाची औषधं आणि रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र मिळालं, तर ही मुलं विशीत, कधी तिशीतही पोचतात. ‘काही उपाय नाही’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे.

चालता न येणारं प्रत्येक मूल डीएमडीचं नसतं. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी हा वेगळा आजार मुलींनाही होतो. बेकर डिस्ट्रॉफी सौम्य असते. लिंब-गर्डल म्हणून आणखी एक गट आहे. कागद बघितल्याशिवाय तुम्ही निदान करू नका, दुसऱ्यानं केलेलं पुढंही सांगू नका.

कधी आणि कुणाबरोबर जायचं

आधी फोन करा, आणि शक्यतो आईशी बोला. वडिलांशी बोललात तर ‘या की’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्या दिवशी आई शेतात असते. जुलैत भाताची लावणी, दिवाळीनंतर सुगी, त्या दिवसांत कुणालाही उसंत नसते. दूध घालायची वेळ सकाळ-संध्याकाळ ठरलेली असते, ती सोडून जा. यात्रेआधीची वार पाळणूक चालू असेल तर तेही विचारून घ्या, काही गावांत त्या दिवशी बाहेरच्यांनी शिरलेलं चालत नाही.

दोघं जा, त्यातली एक बाई असावी. चौघं-पाच जण गेलात की ती भेट राहत नाही, पाहणी होते. गाडीवर बॅनर नको. आजाराचं नाव गल्लीत विचारत घर शोधू नका. त्या घरात लग्नाची मुलगी असेल तर तुमच्या एका चौकशीची किंमत तिला मोजावी लागते. फोटोचा विषय पहिल्या भेटीत काढूच नका.

हातात कुंद्यासारख्या मिठाईचा डबा नेऊ नका. आपल्याकडे रिकाम्या हातानं जाववत नाही हे मला कळतं, पण स्टेरॉइडवर असलेल्या मुलाची भूक खवळलेली असते, वजन भराभर वाढतं आणि ते वजन उचलायचं असतं आईला. पेरू न्या, चित्रकलेची वही न्या.

उंबऱ्याच्या आत

आधी मुलाशी बोला. त्याच्या बरोबरीच्या उंचीवर, तो जमिनीवर असेल तर जमिनीवर बसून. शाळा, क्रिकेट, कोंबडी, मोबाइलवरचा खेळ, काहीही चालेल. ‘जरा उठून दाखव बघू’ असं म्हणू नका. त्यानं ते प्रत्येक दवाखान्यात करून दाखवलेलं असतं. चहा येईल. ‘चा घेऊनच जावा’ म्हटल्यावर नको म्हणू नका, आणि तो पिताना कागद मागू नका.

मग घरात कोण कोण आहे हे नजरेनं हेरा. बऱ्याचदा निर्णय आजीचा किंवा थोरल्या काकांचा असतो, उचलणं-धुणं आईचं असतं आणि बोलतात मात्र वडील. आजीला टाळून काही सांगितलंत तर तुमची पाठ वळल्यावर ते मोडलं जाईल. आजीला विचारा, ‘आज्जी, लहानपणी हा कसा चालायचा?’ तिला आठवतं, आणि आजाराचा बराच इतिहास तिथंच मिळतो.

आयुष्य किती, पुढं काय होणार, हे मुलासमोर बोलायचं नाही. तो ऐकत असतो. आई चूलघरात असताना किंवा निघताना अंगणात, तिनं विचारलं तरच.

पिशवीतले कागद

प्रत्येक घरात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. दवाखान्यांचे केसपेपर, एक्स-रे, मेडिकलच्या पावत्या, कधी देवस्थानचा अंगाराही त्याच पिशवीत. ती बाहेर काढा आणि तारखेप्रमाणे लावा. हे काम वेळखाऊ आहे पण दुसरं कुणी करत नाही.

त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, सीपीकेची रक्ततपासणी; स्नायू झिजले की हे द्रव्य रक्तात उतरतं. डीएमडीत हा आकडा कित्येक हजारांत, बहुधा दहा हजारांच्याही वर असतो. यकृताच्या तपासणीतले एसजीओटी-एसजीपीटीही वाढलेले असतात, कारण ते स्नायूंतूनही येतात. त्यावरून मुलाला काविळीचं किंवा यकृताचं औषध महिनोन् महिने चाललेलं असू शकतं. असं दिसलं तर डॉक्टरांना सीपीकेबद्दल विचारायला सांगा. दुसरी, जनुकीय तपासणीचा अहवाल, बहुधा एमएलपीए नावाचा. तो नसेल तर बेळगावात बिम्स किंवा केएलई रुग्णालयातून बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मज्जासंस्थेच्या रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळवता येते. तिसरी, हृदयाची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. निदान झाल्यापासून इको नियमित व्हायला हवी, आणि दहाव्या वर्षानंतर दरवर्षी चुकवायची नाही. मूल ‘ठीक’ दिसतं म्हणून ती राहते, कारण बसून असलेल्या मुलाला धाप लागायची वेळच येत नाही.

कागदांचे फोटो त्यांच्याच फोनवर काढून द्या. तुमच्या फोनवर घ्यायचे असतील तर विचारून.

स्टेरॉइड चालू असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा: या गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत. गोळ्या संपल्या, पावसानं रस्ता बंद झाला, कुणी म्हणालं ‘गरम पडतात’ म्हणून थांबवल्या, तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर लगेच दवाखाना. पावसाळ्याआधी पंधरा-वीस दिवसांचा जादा साठा घरात असावा. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत हे फार गरजेचं आहे.

रात्रीचा प्रश्न

मला विचाराल तर सगळ्या भेटीतला सर्वांत उपयोगी प्रश्न हा आहे: ‘वैनी, रात्री किती वेळा उठता?’

चालणं थांबलेल्या मुलाला स्वतःहून कूस बदलता येत नाही. तो हाक मारतो, आई उठते, वळवते, तासाभरानं पुन्हा. अशी वर्षं जातात. दिवसा तीच बाई रताळी काढायला किंवा विड्या वळायला जाते. हे तिला कुणी विचारलेलं नसतं, म्हणून विचारल्यावर आधी ती हसते आणि मग बोलायला लागते.

इथं लगेच करता येण्यासारखं पुष्कळ आहे. अंथरूण बघा. जाड वाकळ पांघरली असेल तर तिच्या वजनाखाली अशक्त हात-पाय हलूच शकत नाहीत. हलकी सोलापुरी चादर किंवा पातळ ब्लँकेट दिलं की काही मुलं निदान पाय थोडे सरकवू शकतात. खाली सुती चादरीवर अंग रुतून बसतं. कमरेखाली जुनी नायलॉनची साडी दुहेरी घडी करून घाला, अंग सहज घसरतं आणि आईला मुलाला उचलून वळवावं लागत नाही. कुशीवर झोपवल्यावर दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीमागे गुंडाळलेली गोधडी. हे तिथंच, मुलाला विचारत विचारत करून बघा. कुठं दुखतं, कुठं बरं वाटतं, ते त्यालाच माहीत असतं.

याच प्रश्नातून श्वासाची खबर लागते. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, भूक नसते का, दिवसा पेंगतो का, रात्री घाबरून जागा होतो का? ‘होय’ आलं तर रात्री श्वास उथळ पडून अंगात कार्बन डायऑक्साइड साठत असण्याची शक्यता आहे. त्याला फुप्फुसांची तपासणी आणि कदाचित बायपॅप हे रात्री श्वासाला मदत करणारं यंत्र लागेल. फक्त ऑक्सिजनचं सिलिंडर आणून लावणं अशा मुलाला घातक ठरू शकतं, हे घरच्यांना आणि जवळच्या दवाखान्यालाही माहीत असू द्या. बायपॅप आलं तर इन्व्हर्टरचा विचार त्याच वेळी करा.

उचलणं आणि शौच

काखेत हात घालून या मुलाला उचलू नका. खांद्याचे स्नायू सैल असल्यामुळे तो हातांतून निसटतो. त्याचे दोन्ही हात छातीवर घडी घाला, मागून त्याच्या काखांखालून आपले हात नेऊन त्याची मनगटाजवळची घडी घट्ट धरा, आणि दुसऱ्यानं गुडघ्यांखालून मांड्या धरा. ‘एक, दोन, तीन’ मोठ्यानं म्हणा म्हणजे मुलालाही तयारी करता येते. उचलणाऱ्यानं कंबरेत वाकायचं नाही, गुडघ्यांत वाकायचं. घरात वडील किंवा मोठा भाऊ असेल तर त्याच्याकडून करून घ्या. बरेच वडील ‘मला जमत नाही’ म्हणून लांब राहतात, आणि एकदा नीट धरता आलं की तेच पुढं येतात.

व्हीलचेअर आणि कॉट एका उंचीवर आणली तर उचलण्याचं काम निम्मं होतं. कॉटच्या पायांखाली विटा ठेवून ते होतं. पाय लोंबकळत ठेवू नका, व्हीलचेअरच्या पायटीवर पाऊल काटकोनात टेकलेलं हवं.

शौचाचा विषय काढायला संकोच वाटतो, पण काढा. संडास पायरीवर आणि भारतीय बैठकीचा असतो, न्हाणी परसात. प्लॅस्टिकच्या भक्कम खुर्चीला मधोमध भोक पाडून, कडा घासून गुळगुळीत करून ती भांड्यावर ठेवली की काम चालतं. कुठल्याही गावात वेल्डिंगवाला लोखंडी चौकट करून देतो. उंबऱ्याला फळीचा उतार करून घ्या, तो लांब आणि कमी चढाचा असू द्या.

व्यायाम

ताकदीचा व्यायाम नको. ‘जिना चढव म्हणजे पाय घट्ट होतील’, ‘वाळूच्या पिशव्या बांध’ हे सल्ले नुकसान करतात. करायचं ते हलकं ताणणं: टाच, गुडघ्यामागच्या शिरा, कंबर. मुलाला उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवा, टाच तळहातात धरा आणि आपलं मनगट-कोपर त्याच्या तळव्याला लावून पाऊल सावकाश वर ढकला. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. थोडा वेळ धरा, सोडा, पुन्हा करा. फिजिओथेरपिस्टनं एकदा दाखवल्यावर आईनं तुमच्यासमोर करून बघायचं, नुसतं ऐकून नाही. चालत्या मुलानं रात्री पायाला पाऊल काटकोनात धरणारी स्प्लिंट लावली तर टाच आखडणं लांबतं. मालिश करणाऱ्या वैद्याला हाकलू नका, हलकं तेल लावणं मुलाला आवडतं. जोर लावून सांधा ‘मोकळा’ करणं मात्र थांबवा. स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ झालेली असतात.

शाळा

आपल्याकडे एक गोष्ट फार वाईट जुळून येते. गावातली मराठी शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल पुढच्या गावाला असतं, आणि नेमकं त्याच वयात मुलाचं चालणं थांबतं. मग तो घरी बसतो. हे घडून गेल्यावर जाण्यापेक्षा सहावीतच मुख्याध्यापकांना भेटा. वर्ग तळमजल्यावर हवा. संडासाची सोय विचारा. शाळेत लघवीला जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलं आहेत. अपंग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जाणं अशक्यच झालं तर समग्र शिक्षा योजनेतून घरी शिक्षण मिळतं, त्यासाठी बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज करायचा. दहावीच्या परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो.

सरकारी कागद

२०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, हा पहिला कागद. त्यावर पेन्शन, बसपास, रेल्वेची सवलत, साधनं हे सगळं अवलंबून असतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तपासणीला वैद्यकीय मंडळापुढं जायचं. चाळीस टक्क्यांच्या खालचं प्रमाणपत्र फारसं कामाला येत नाही. आजार वाढत जाणारा आहे, तेव्हा चालणं थांबल्यावर फेरतपासणी मागायला विसरू नका.

ग्रामपंचायतीत अपंगांसाठी नेमलेला व्हीआरडब्ल्यू, म्हणजे गावचा पुनर्वसन कार्यकर्ता असतो. त्याला गाठा, शक्य तर भेटीला बरोबरच घेऊन जा. पेन्शनचं काम नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसात असतं. अर्ज कानडीत असतात आणि बऱ्याच मराठी घरांतल्या थोरल्यांना कानडी वाचता येत नाही, म्हणून एवढ्यासाठी वर्षं गेलेली असतात. कानडी लिहिता येणारा एक माणूस तुमच्या जोडीत असलाच पाहिजे. आणखी एक: आधार, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड यांवरचं नाव अक्षरशः तेच आहे का ते ताडून बघा. आडनाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावर अर्ज परत येतात.

आईला दवाखान्याच्या खेपा करायच्या असतात, त्यासाठी शक्ती योजना उपयोगी आहे. २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत. मिरज-कोल्हापूरला जाणाऱ्या बसला ते चालत नाही.

निरामय या आरोग्यविम्याचा अर्ज भरायला कुणी सांगितलं तर वेळ घालवू नका, त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढंच येतं. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती ठरलेल्या केंद्रांमार्फतच. कर्नाटकातलं केंद्र म्हणजे बंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स. तिथं नोंदणीसाठी मदत जरूर करा. पन्नास लाखांचा आकडा मात्र घरात बोलू नका, त्या आशेवर लोक जमीन गहाण टाकतात.

‘स्टेम सेलनं चालायला लागेल’ असं सांगून लाखो रुपये घेणारे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या आजारावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगा. नवस, अंगारा, देवाचा कौल याबद्दल मात्र वाद घालू नका. गोळ्या चालू राहिल्या म्हणजे झालं.

दोष कुणाचा

हा प्रश्न प्रत्येक घरात असतो, बोलला जात नाही. डीएमडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. साधारण दोन तृतीयांश मुलांत त्यातला दोष आईकडून आलेला असतो, उरलेल्यांत त्या मुलातच नव्यानं बदल झालेला असतो. आईला ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. आपल्याकडे मामाला मुलगी देण्याची रीत आहे, म्हणून सगळे नात्यातल्या लग्नावर बोट ठेवतात. डीएमडीचा त्याच्याशी संबंध नाही. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत दोन्ही पालकांकडून दोष यावा लागतो, तिथं नात्यातल्या लग्नानं धोका वाढतो. हे आजीसमोर, सगळ्यांसमोर सांगा. एकट्या आईला सांगून तिच्यावरचा आळ उतरत नाही.

मावशी आणि बहीण वाहक, म्हणजे तेच सदोष जनुक अंगात असलेल्या, असू शकतात. तपासणी कधी करायची हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, पण मुलाचा जनुकीय अहवाल जपून ठेवलेला असेल तरच ती सोपी होते. पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते, तीही त्याच अहवालाच्या आधारानं. वाहक आईच्या स्वतःच्या हृदयालाही त्रास होऊ शकतो. मुलाची इको होते त्या दिवशी तिचीही करून घ्या.

मुलगा विचारेल

‘मला कवा चालाय येईल?’ याला ‘लवकरच’ म्हणू नका. त्याला खोटं लगेच कळतं आणि मग तो तुम्हालाही काही सांगायचा नाही. ‘पायातली ताकद परत आणणारं औषध अजून नाही. शोध चालू आहे. तोवर तुला काय काय करायचंय ते सांग, त्यासाठी काय लागतं ते आपण बघू.’ एवढं बोलून गप्प बसा. उत्तर बहुधा साधं असतं: गणपतीत आरास करायची आहे, मोबाइल स्वतः धरता यायला हवा, मित्रांच्यात बसायचं आहे. मांडीवर ठेवायची एक फळी सुताराकडून करून आणली की कोपर टेकतं आणि हात चालतो.

परतल्यावर

त्याच रात्री लिहून ठेवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. कबूल केलेलं एकच काम असू दे, पण ते झालंच पाहिजे. आठवड्यात फोन करा, काम झालं नसेल तरी करा. या घरांनी एकदा येऊन गेलेली बरीच माणसं बघितली आहेत, त्यामुळे आई मोकळेपणानं बोलते ती बहुधा दुसऱ्या भेटीत.

फाइलच्या पहिल्या पानावर एक कार्ड लावा, मराठी, कानडी आणि इंग्रजी तिन्हींत. आजाराचं नाव, स्टेरॉइडचा डोस, ‘भूल देताना सक्सिनिलकोलीन नको’, ‘केवळ ऑक्सिजन नको, कार्बन डायऑक्साइड तपासा’, आणि हाड मोडल्यावर अचानक धाप लागली किंवा भ्रम झाला तर ताबडतोब मोठं रुग्णालय. रात्री-अपरात्री मुलाला न ओळखणाऱ्या डॉक्टरसमोर हेच कार्ड बोलतं.

एखाद्या घरचा मुलगा गेल्याचं कळलं तरी त्या घरी जा. तेराव्यानंतर जा, व्हीलचेअर परत मागायला नाही. त्याच्याबद्दल त्याचं नाव घेऊन बोला. गावात सगळे ‘सुटला’ म्हणत असतात, ते तुम्ही म्हणू नका. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जाऊन त्याच्या बहिणीच्या तपासणीचा आणि आईच्या इकोचा विषय काढा, आणि जनुकीय अहवालाची एक प्रत बहिणीच्या कागदांत ठेवून या.